दंडावरचा वण आणि म्हशीच्या सडावरचे फोड: साठ वर्षांपूर्वीची देवीची लस अजून जागी असते का?

कुंभीकाठची
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहायला बसले. मी राहते कोल्हापुरात, सासर करवीर तालुक्यात, कुंभीच्या काठाला. घरी चार म्हशी. गेल्या महिन्यात दिरांनी बाजारातून पाचवी आणली. दुसरं वेत, दिसायला देखणी, सौदा तर त्याहून देखणा. आठवडा झाला नाही तोवर तिच्या सडांवर फोड आले. धार काढायला बसलं की लाथ झाडायची. मग घरच्या दोन म्हशींना तेच. आणि मग जाऊबाईंच्या अंगठ्यावर नि दोन बोटांवर टपोरे फोड, मधोमध खळगा पडलेले. तिसऱ्या दिवशी ताप, काखेत गाठ. पाठोपाठ दिरांच्या हातावर. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "म्हशीच्या देवी आहेत. घाबरू नका, पण खाजवू नका आणि लेकरांना लांब ठेवा."

माझा प्रश्न पुढेच आहे. सासूबाई, वय ७१, दिवसातून चार वेळा त्याच गोठ्यात. त्यांना काहीही नाही. गल्लीतल्या बायकांचं एकमत झालंय, "त्यास्नी देवी टोचल्यात, त्यास्नी काय हुतंय!" सासूबाईंच्या दंडावर खरंच दोन वण आहेत, जुन्या रुपयाएवढे. मंकीपॉक्सच्या बातम्या येत होत्या तेव्हाही वाचलं होतं की ज्यांना देवीची लस मिळाली त्यांना भीती कमी. पण टोचून साठ-पासष्ट वर्षं झाली की! धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांनी परत घ्यायला लावतात, मग ही एवढी कशी टिकली? आणि माणसाच्या देवीची लस म्हशीच्या देवीवर कशी चालते? माझा जन्म १९८६ चा, मला ती मिळालेलीच नाही. त्यामुळे चौकशीत थोडा स्वार्थ आहे.

शुक्रवारपेठी
रविवार, रात्री १०:०५

ताई, आपल्याला काय टेन्शन नाही. माझ्या डाव्या दंडावर वण हाय, जन्म १९८२. म्हणजे मी बी सासूबाईंच्या टीममध्ये. उद्या सकाळी गंगावेशीत म्हशीखाली ग्लास धरून धारोष्ण पिणार, बघू कोण अडवतंय.

जुना_टोचणीवाला
रविवार, रात्री १०:५०

शुक्रवारपेठी, दमानं. १९८२ चा जन्म म्हणजे तुमच्या दंडावर बीसीजी आहे. ती क्षयाची. देवीशी तिचा काडीचा संबंध नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात, आसामात करीमगंजला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि त्यानंतर टोचणं गुंडाळत आणलं. १९८० च्या ८ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जगातूनच देवी गेल्या म्हणून जाहीर केलं. तुम्ही त्यानंतरचे.

ओळखायचं कसं ते सांगतो, कारण हा घोळ मी हजार वेळा ऐकलाय. बीसीजीचा वण एकच, खांद्याच्या खाली, लहान, कधीकधी उचललेला. देवीचा मोठा, खोलगट, तळाशी बारीक खड्डे, कडेनं किरणासारख्या रेषा. बहुतेकांना दोन, काहींना जास्त. कित्येक म्हाताऱ्यांना दंडाऐवजी मनगटाच्या वर सापडेल.

मी १९७१ ला आरोग्य खात्यात लागलो. माझ्या आधीच्या लोकांकडे फिरकी असायची. दात असलेली चकती, कातडीवर टेकवून गर्रकन फिरवायची. पोरगं गाव डोक्यावर घेऊन ओरडायचं, वण ते मोठे पडायचे त्या फिरकीनं. आमच्या वेळेला दुतोंडी सुई आली. काट्यासारखी, दोन टोकांच्या मध्ये लशीचा एक थेंब धरून राहायचा. एवढ्याशा जागेत पंधरा टोचे, रक्त नुसतं दिसायला पाहिजे, वाहायला नको. शिकायला एक दुपार पुरे. सातव्या दिवशी परत गावात जाऊन फोड आलाय का बघायचं. आला तर लागली, नाही आला तर पुन्हा टोचायचं. पोरांना कणगीत लपवलेलं पण बघितलंय आणि कणगीतून काढलेलं पण.

शेवटी शेवटी देवीचा रोगी दाखवा, हजार रुपये मिळवा अशा पाट्या होत्या. हजार म्हणजे त्या वेळी माझ्या कित्येक महिन्यांचा पगार. लोक कांजिण्यांची पोरं खांद्यावर घालून आणायचे हो! रात्री अकराला दार वाजवायचे. हजार कुणालाच मिळाले नाहीत, मला जागरणं मिळाली.

शुक्रवारपेठी
रविवार, रात्री ११:०२

काका, माझी टीम बदलली तुम्ही. धारोष्ण कॅन्सल.

पेशीपुराण
सोमवार, सकाळी ७:३०

मूळची राजारामपुरीची, आता पुण्यात, काम याच विषयात. कुंभीकाठची, तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. मी आधी टिकण्याचा घेते.

लस टोचली की शरीर दोन प्रकारे लक्षात ठेवतं. रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडी हा एक. त्या बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि तिथं वर्षानुवर्षं, कुणी सांगो न सांगो, थोडंथोडं उत्पादन चालू ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिपेशी. त्या गप्प असतात, ओळखीचं काही दिसलं की उठतात. यातल्या टी पेशी विषाणू शिरलेली आपलीच पेशी मारतात.

आता देवीच्या लशीचं. २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात लस घेऊन अगदी ७५ वर्षं झालेले लोकही होते. अँटीबॉडी जवळजवळ सपाट रेषेत होत्या, दशकं उलटली तरी. टी पेशी मात्र हळूहळू ओसरत होत्या, दर ८ ते १५ वर्षांनी निम्म्या. तरी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत काही ना काही शिल्लक होतंच. पुढे त्याच गटानं वेगवेगळ्या अँटीबॉडी निम्म्या व्हायला किती वर्षं लागतात याचा हिशोब मांडला. देवीच्या लशीच्या साधारण ९२ वर्षं. धनुर्वाताच्या ११. तुमच्या दहा वर्षांच्या इंजेक्शनाचं उत्तर त्या ११ मध्ये आहे.

फरक का? धनुर्वाताची लस म्हणजे जंतूचं निष्प्रभ केलेलं विष. शरीराला एक फोटो दाखवल्यासारखं. देवीची लस म्हणजे जिवंत विषाणू. तो दंडावर दोन-तीन आठवडे वाढतो, फोड आणतो, पू आणतो, खपली धरतो. काकांनी सातव्या दिवशी बघायला जायचो म्हटलं ना, तो फोड म्हणजे शरीराची शिकवणी चालू असल्याची खूण. गोवराचंही तसंच. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, त्याआधीची १७८१ मध्ये. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं गेला आणि त्याला दिसलं की ६५ वर्षांपूर्वी ज्या म्हाताऱ्यांना गोवर येऊन गेला होता, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता. म्हणजे अधूनमधून संपर्क येऊन आठवण ताजी राहिली असंही म्हणता येत नाही. मला तर आजही हा किस्सा अंगावर काटा आणतो.

ऑफिसची बस आली, उरलेलं रात्री.

शंकेखोर
सोमवार, सकाळी ११:१५

वाचतोय. पण एक बारीक प्रश्न, कुंभीकाठची यांना. सासूबाई गोठ्यात चार वेळा जातात हे कळलं. धार काढतात का?

कुंभीकाठची
सोमवार, दुपारी १:२०

अरे देवा. नाही. दोन वर्षं झाली, सांधे धरलेत म्हणून बंद आहे. वैरण टाकतात, शेण काढतात, किटली उचलून आणतात. सडाला हात नाही.

शंकेखोर
सोमवार, दुपारी १:२६

मग ही लशीची साक्ष कशी? फोड सडावर, लागण सड पिळणाऱ्या बोटांना. ज्यांनी सड धरलाच नाही त्यांना झाली नाही, यात साठ वर्षांपूर्वीच्या टोचणीला हार घालायचं कारण दिसत नाही. ज्यांचे दंड कोरे आहेत अशा तुम्हालाही झालेली नाही. तुम्ही तर शहरात.

शुक्रवारपेठी
सोमवार, दुपारी १:३१

गल्लीतल्या बायकांना हे कोण सांगणार? शंकेखोरराव, तुम्हीच जावा. आम्ही हितनं बघतो.

गोठ्यातून
सोमवार, संध्याकाळी ६:१०

मी गडहिंग्लज भागात पशुवैद्यक. म्हशीच्या देवी म्हणजे बफेलोपॉक्स. आपल्या जिल्ह्याला हा पाहुणा नवीन नाही. २००९ च्या सुमारास इथं चांगली मोठी साथ झाली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या २१ गावांत १८५ माणसांना आणि सोलापूर जिल्ह्यात कासेगाव या एका गावात १६६ जणांना फोड आल्याची नोंद आहे. हातावर फोड, ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या लोकांनी तपासणी केली होती. म्हणजे तुमच्या जाऊबाईंना जे झालं ते पुस्तकातलंच.

शंकेखोर यांचं बरोबर आहे. हा रोग हातानं हिंडतो. एका म्हशीची धार काढली, हात धुतला नाही, दुसरीच्या सडाला लावला, झालं. म्हणून आधी कामाचं ऐका. फोड आलेल्या म्हशीची धार सगळ्यांत शेवटी. हात साबणानं धुवून मगच पुढं. ज्याच्या बोटाला चीर किंवा जखम आहे त्यानं बसू नये. रेडकाला तिच्या कासेला सोडू नका, त्याच्या तोंडाला फोड येतात. दूध उकळूनच. खपल्या पडतील त्या गोठ्यात झाडून टाकू नका, हा विषाणू खपलीत बराच काळ तग धरतो. सड चिघळला तर दगडी, म्हणजे कासेचा दाह होतो आणि मग खरं नुकसान. सड बाद म्हणजे म्हैस निम्म्या किमतीची. आणि नवीन जनावर आणलं की पंधरा-वीस दिवस वेगळं बांधायचं, हे मी वीस वर्षं सांगतोय, वीस वर्षं सगळे मान डोलावतायत.

आता लस. माणसाला जी देवीची लस टोचायचे तिच्यात देवीचा विषाणू नसायचाच. तिच्यात व्हॅक्सिनिया नावाचा वेगळा, सौम्य भाऊबंद होता. आणि म्हशीच्या देवीचा विषाणू हा त्या व्हॅक्सिनियाचाच अगदी सख्खा. इतका की अभ्यासकांचा एक अंदाज असा आहे, लस टोचलेल्या माणसांच्या दंडावरूनच तो कधीतरी म्हशींत गेला आणि तिथंच राहिला. ब्राझीलमध्येही असंच आहे, तिकडं दुभत्या गायी आणि धारा काढणाऱ्यांच्या हातावर व्हॅक्सिनिया सापडतो.

म्हणजे ताई, तुमचा प्रश्न "माणसाची लस म्हशीच्या रोगाला कशी चालते" असा होता. जरा उलटा करून बघा. म्हशीला झालाय तो रोगच बहुधा माणसाच्या लशीचा नातू.

जुना_टोचणीवाला
सोमवार, रात्री ८:४५

डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत आणि मी चहा थंड केला.

आम्ही टोचायला बसायचो कुठं? सावली असेल तिथं. सावली गोठ्यात. पोराला टोचलं की आई त्याला कडेवर घेऊन तशीच धारेला बसायची. पोराच्या दंडावर पाणी सुटलेला फोड, आईचा हात कधी त्या दंडाला, कधी सडाला. आम्ही सांगायचो, फोडाला हात लावू नका. कोण ऐकतंय.

आणि आणखी एक. लस यायची ती बेळगावच्या संस्थेतून. देशात तेव्हा सुकवलेली लस बनवणाऱ्या चारच जागा, त्यातली एक बेळगाव. ही लस बाटलीत उगवत नव्हती. रेडकाच्या अंगावरचे केस काढून, कातडीवर ओरखडे काढून, तिथं विषाणू लावून वाढवायची आणि मग खरवडून काढायची. म्हणजे म्हशीच्या पोटावरून माझ्या सुईवर, सुईवरून पोराच्या दंडावर, आणि तुम्ही म्हणताय तसं असेल तर दंडावरून परत म्हशीच्या सडावर. पस्तीस वर्षं नोकरी केली, असा कधी विचार केला नाही.

दूधकट्टा
सोमवार, रात्री ९:०५

काका 🙏 एकदम नाद खुळा माहिती.

एक शंका. आमच्या गायींना २०२२ ला लम्पी आली तेव्हा शेळ्यांची देवीची लस दिली होती. तोच प्रकार का?

गोठ्यातून
सोमवार, रात्री ९:३०

तोच प्रकार, घराणं वेगळं. लम्पी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी ही तीन भावंडं एका घरातली. लम्पीची स्वतःची लस तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून शेळीची देऊन गायी वाचवल्या. सख्खी लस नव्हती तर चुलत लशीनं काम भागवलं. पण उद्या कुणी म्हणेल, मग माणसाच्या देवीची लस लम्पीला, तर नाही. ते घर लांबचं. आणि लम्पी माणसाला होतही नाही.

दुसऱ्या टोकाला लाळ्या-खुरकूत बघा. तो एकच विषाणू, सात प्रकार. एका प्रकाराची लस दुसऱ्याला उपयोगी नाही. आपल्याकडं ओ, ए आणि एशिया-१ असे तीन एकत्र घालून टोचतात, तेही सहा महिन्यांनी पुन्हा. शेतकरी विचारतात, "डॉक्टर, देवी एकदा टोचली की जन्माची, आणि ह्यो दर सहा महिन्याला?" आता पुण्याच्या ताईंनी उत्तर द्यावं.

पेशीपुराण
सोमवार, रात्री १०:४०

देते. देवीच्या घराण्यातले विषाणू विषाणूंच्या मानानं हत्ती आहेत. दोनशेच्या आसपास जनुकं, आणि ती फार सावकाश बदलतात. देवी, व्हॅक्सिनिया, गायीची, म्हशीची, उंटाची, मंकीपॉक्स, सगळ्यांच्या अंगावरची प्रथिनं एकमेकांशी भरपूर जुळतात. शरीर शिकतं तेव्हा एकाच खुणेवर नाही, डझनावारी खुणांवर शिकतं. दोन-चार खुणा बदलल्या तरी बाकीच्यांवरून ओळख पटते. लाळ्या-खुरकूत म्हणजे चिलट. जनुकांचा धागा एवढासा, नक्कल करताना सतत चुका, आणि ओळखायच्या खुणा मोजक्या. त्या बदलल्या की सगळं शिकलेलं वाया. शिवाय तिथली लस मारलेल्या विषाणूची, म्हणून आठवणही छोटी.

आता शंकेखोर यांच्यासाठी, कारण त्यांची शंका मला आवडली. गल्लीतल्या साक्षीपेक्षा बरा पुरावा आहे का? आहे, पण तोही काळजीपूर्वक वाचावा लागतो. मंकीपॉक्स माणसात पहिल्यांदा सापडला १९७० मध्ये, आजच्या काँगोत, लस न घेतलेल्या नऊ महिन्यांच्या बाळात. १९८० च्या दशकात तिथंच रोग्यांच्या घरच्या माणसांचा माग काढला, तेव्हा देवीची लस घेतलेल्यांना सुमारे ८५ टक्के संरक्षण दिसलं. हा ८५ चा आकडा सगळीकडं फिरतो. पण त्या लोकांना लस मिळून फार वर्षं झाली नव्हती! तो आकडा उचलून सासूबाईंच्या दंडावर चिकटवणं चूक.

मला जास्त पटतो तो पुढचा अभ्यास. काँगोतच, २००५ ते २००७ मधल्या रोग्यांचा, म्हणजे तिथं टोचणं थांबून पंचवीस वर्षं झाल्यावर. तेव्हाही लस घेतलेल्यांत मंकीपॉक्सचं प्रमाण न घेतलेल्यांच्या मानानं पाचपट कमी होतं. आणि त्याच भागात रोगाचं एकूण प्रमाण १९८० च्या दशकापेक्षा वीसपट वाढलं होतं. लशीचा वण नसलेली पिढी वाढत गेली तशी मंकीपॉक्सला मोकळी जागा मिळत गेली, असं त्यावरून दिसतं. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली, त्याच्या मुळाशी हे एक कारण आहेच.

शंकेखोर
सोमवार, रात्री ११:०८

हे चाललं. पण काँगोत लस घेतलेले म्हणजे वयानं मोठे, न घेतलेले म्हणजे पोरं. पोरं खारी-उंदीर पकडत हिंडतात. वयाचा हिशोब केला होता का?

पेशीपुराण
सोमवार, रात्री ११:२०

रास्त प्रश्न. वय आणि लस या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अशा अभ्यासात अवघडच असतं, कारण टोचणं सगळ्यांचं एकाच सुमारास थांबलं. म्हणून मी "संरक्षण शिल्लक असतं" एवढंच म्हणेन, "बाधा होतच नाही" असं कधीच म्हणणार नाही. २०२२ च्या साथीत लहानपणी देवी टोचलेल्या लोकांनाही मंकीपॉक्स झाला.

लागण न होणं एक आणि जीव वाचणं दुसरं. खुद्द देवीचंच उदाहरण. १९५० ते १९७१ या काळात युरोपात बाहेरून आलेल्या देवीच्या साथींचा हिशोब आहे. लस कधीच न घेतलेल्या रोग्यांत मेले ५२ टक्के. दहा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत १.४ टक्के. आणि लस घेऊन वीस वर्षं उलटून गेलेल्यांत ११ टक्के. हे तिसरे लोक आजारी पडले, पण बावन्नाच्या जागी अकरा मेले. म्हातारी लस दार अडवत नाही, पण आत आलेल्याला घर लुटू देत नाही.

करवीरकन्या
मंगळवार, सकाळी ८:१५

एवढं लांब वाचून डोकं गरगरलं. माझा मुलगा तीन वर्षांचा, त्याला कांजिण्यांची लस दिलीय. म्हणजे तो या सगळ्यातून सुटला ना?

गोठ्यातून
मंगळवार, सकाळी ८:४०

नाही ताई. कांजिण्या दिसायला सारख्या, पण त्यांचं घराणंच निराळं. तो नागिणीचा विषाणू. देवीच्या घराशी त्याचं सोयरसुतक नाही. मुलाला आजारी जनावरापासून लांब ठेवा, एवढंच.

दूधकट्टा
मंगळवार, सकाळी ९:५०

म्हणजे भाऊबंद विषाणू येऊन गेला असेल तर चांगलंच की. एक होऊन गेलं की बाकीच्यांचं भ्या नाही. गेल्या साली मला डेंग्यू झाला, आता बाकीचे डेंग्यू पण सुटले म्हणायचे.

पेशीपुराण
मंगळवार, सकाळी १०:०५

थांबा थांबा! डेंग्यूत नेमकं उलट आहे. डेंग्यूचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ सुटका, बाकीच्या तिघांपासून फक्त काही महिने. त्यानंतर दुसरा प्रकार चावला तर पहिल्याच्या अर्धवट जुळणाऱ्या अँटीबॉडी त्याला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला हात देतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर व्हायची शक्यता त्यामुळेच. फिलिपाइन्समध्ये २०१७ साली शाळकरी मुलांना देत असलेली डेंग्यूची लस याच कारणानं थांबवावी लागली. ज्यांना आधी कधी डेंग्यू झालाच नव्हता अशा मुलांत तिनं पहिल्या डेंग्यूचं काम केलं, आणि पुढचा खरा डेंग्यू अंगावर बेतला.

तेव्हा कूलरचं पाणी काढा आणि टाकीला झाकण घाला. तुम्हाला दुप्पट गरज आहे.

शुक्रवारपेठी
मंगळवार, सकाळी १०:१२

भावबंदकी शेवटी भावबंदकीच. बांधावरची असो नाहीतर रक्तातली.

संचालक
मंगळवार, सकाळी १०:३०

धागा 'आरोग्य' विभागात हलवला आहे. देवी कोणाच्या कृपेने गेल्या या विषयावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. इथं कुणीही औषधाचं नाव आणि मात्रा लिहू नये.

कुंभीकाठची
बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. शंकेखोर, तुमच्यामुळे मी रविवारी नुसतं ऐकून आले होते ते आज विचारून आले.

शेजारच्या गोठ्यातही रोग गेलाय, बहुतेक आमच्याच माणसांच्या हातानं. तिथले आजोबा ६८ वर्षांचे, अजून दोन्ही वेळची धार स्वतः काढतात. त्यांना फोड आला होता. एकच, करंगळीजवळ, लहान, ताप नाही, आठवड्यात सुकला. त्यांचा नातू २२ वर्षांचा, तोही धार काढतो. त्याचे दोन्ही हात भरलेत आणि चार दिवस अंथरुणात होता. आजोबांचा दंड मी स्वतः बघितला. दोन वण, किरणांसकट. नातवाला एकच, बीसीजीचा.

शंकेखोर
बुधवार, रात्री ९:२४

सडाला दोघांचाही हात, म्हणजे आधीच्यापेक्षा साक्ष बरी. तरी माणसं दोनच. शिवाय साठ वर्षं धारा काढणाऱ्या आजोबांना मधल्या काळात म्हशीच्या देवी कधी होऊन गेल्या नाहीत कशावरून? ते बळ १९६० च्या टोचणीचं की एखाद्या विसरलेल्या फोडाचं?

पेशीपुराण
बुधवार, रात्री ९:४०

हा प्रश्न मी उद्या आमच्या प्रयोगशाळेत विचारणार आहे, आणि नाव तुमचं सांगणार नाही. देवीची लस काढणाऱ्या जेन्नरनं १७९६ मध्ये नेमकं याच प्रश्नावरून सुरुवात केली होती. धारा काढणाऱ्या बायकांच्या हातावर गायीचे फोड येऊन गेले की त्यांना देवी येत नाहीत, हे त्याच्या गावाकडच्या लोकांना ठाऊकच होतं. आपण उलट्या बाजूनं तिथंच पोचलो.

गोठ्यातून
बुधवार, रात्री १०:०५

पोचलात ते ठीक, पण नातवाला सांगा, हात कोरडे होऊन खपल्या पडेपर्यंत धारेला बसायचं नाही. आजोबांनीही. वण असो नसो, त्यांच्या बोटावरचा फोड म्हशीला लागतोच.

कुंभीकाठची
पुढचा रविवार, रात्री ८:५०

ताजी खबर. जाऊबाईंच्या खपल्या पडल्या, अंगठ्यावर डाग राहिलाय. नवीन म्हशीचा एक सड थोडा आखडलाय, बाकी ठीक. दिरांनी गोठ्याच्या दाराशी साबण आणि बादली ठेवलीय. तिसऱ्या दिवशी साबण उंदरानं नेला.

हा सगळा धागा मी आज सासूबाईंना वाचून दाखवला. बेळगाव आणि रेडकांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला दोनदा टोचलंय. पहिल्यांदा टोचून माणूस वळला न्हाई तवर आईनं मला चुलीमागं नेलं आणि राख लावून दंड पुसून घेतला. फोडच आला न्हाई. मग तो माणूस परत आला, आणि ह्या वेळेला मी कुठं जातो ते बघत दाराशी बसून ऱ्हायला." त्यांनी मला तुम्हाला मुद्दाम विचारायला सांगितलंय, टोचणीवाले काका. पहिली टोचणी धरायची का?

जुना_टोचणीवाला
पुढचा रविवार, रात्री ९:३५

नाही. म्हणून तर सातव्या दिवशी परत यायचो. राखेचं आम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि दाराशी बसून राहिलेल्या त्या माणसाला कुणी चहा दिला होता का, तेवढं त्यांना विचारा.